आई-बाबांचे काचबिंदूचे ड्रॉप चुकू नयेत म्हणून

गुडघा दुखला की गोळी आपोआप आठवते. काचबिंदूत आठवण करून देणारं असं काहीच नसतं. डोळा दुखत नाही, समोरचं दिसतं, पेपर वाचता येतो. उलट ड्रॉप टाकला की चुरचुरतं, कधी तोंड कडू होतं, डोळे लाल दिसतात. म्हणजे औषध घेतलं तर त्रास आणि नाही घेतलं तर काहीच नाही. नुकसान आतल्या आत चालू असतं. डोळ्यातल्या प्रेशरने दृष्टीची नस हळूहळू निकामी होते, आधी कडेचं दिसणं जातं, आणि गेलेलं परत येत नाही. ड्रॉपने नजर सुधारत नाही, आहे तेवढी टिकते. हे घरात सगळ्यांना आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर दोन महिन्यांनी ‘काही फरकच पडत नाही’ म्हणून बाटली कोपऱ्यात जाते.

आणि ‘बाबा, ड्रॉप टाकला का?’ हा प्रश्न जवळपास निरुपयोगी आहे. उत्तर ‘हो’ येतं. बाबा खोटं बोलतात असंही नाही. रोज त्याच खुर्चीत बसून तेच करायचं, तेव्हा कालचा थेंब आजचा वाटतो. म्हणून स्मरणशक्तीच्या भरवशावर राहू नये. थेंब घरातल्या रोज होणाऱ्या कामाला बांधावा, टाकल्याची खूण राहील अशी सोय करावी आणि पडताळा बाटलीवरून घ्यावा.

आधी पर्ची आणि सगळ्या बाटल्या समोर घ्या

घरात डोळ्यांच्या जेवढ्या बाटल्या आणि ट्यूब असतील तेवढ्या एका टेबलावर मांडा. फ्रिजचं दार, देवघराचा कोनाडा, उशीखाली, प्रवासाची पिशवी, सगळीकडे बघा. ताज्या पर्चीत जे नाही ते बाजूला काढा आणि फेका. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली स्टेरॉइडची बाटली (प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन) सगळ्यात आधी फेका. स्टेरॉइडने काही जणांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, आणि डोळा जरा लाल झाला की हीच बाटली आठवते. मेडिकलवाल्याने ‘लाली के लिए’ म्हणून दिलेल्या ड्रॉपच्या बाबतीतही हीच सावधगिरी.

इंदूरच्या दवाखान्यांत ‘काला मोतिया’ म्हणतात तो काचबिंदू आणि ‘सफेद मोतिया’ म्हणजे मोतिबिंदू. आजी-आजोबांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली की ‘ऑपरेशन तर झालं, आता औषध कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं तरी काचबिंदूचे ड्रॉप डॉक्टर स्वतः बंद करेपर्यंत चालूच ठेवायचे.

आता पर्चीवरची अक्षरं. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे झोपताना. आर.ई. उजवा डोळा, एल.ई. डावा, बी.ई. दोन्ही. खरा घोटाळा ओ.डी.चा आहे. गोळ्यांच्या पर्चीवर ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या भाषेत ओ.डी. म्हणजे उजवा डोळा. औषधाच्या नावापुढे नुसतं ओ.डी. दिसलं तर अंदाज करू नका, दवाखान्यातून निघण्याआधी काउंटरवर विचारून घ्या आणि उत्तर तिथेच मराठीत लिहून टाका.

नेहमीच्या औषधांची थोडी ओळख असली की वेळापत्रक सोपं जातं. लॅटानोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट या गटातलं औषध दिवसातून एकदाच, बहुधा रात्री. ते दोनदा टाकलं तर परिणाम वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो. टिमोलॉल साधारणपणे दोनदा. दमा असेल किंवा नाडी मुळातच मंद असेल तर टिमोलॉल सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते सांगायलाच हवं, कारण डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो. ब्रिमोनिडिन आणि डॉर्झोलामाइड दोनदा किंवा तीनदा, ब्रिन्झोलामाइडही तसंच. दोन औषधं एकाच बाटलीत असलेली जोड-औषधंही मिळतात. तीन बाटल्यांचं काम दोनांत होत असेल तर चुकण्याच्या जागा तेवढ्या कमी होतात, म्हणून डॉक्टरांना हे जरूर विचारा.

मग एका पांढऱ्या कागदावर जाड काळ्या मार्करने, बोटभर उंचीच्या अक्षरांत तक्ता लिहा: वेळ, बाटली, डोळा. बस. औषधाचं पूर्ण इंग्रजी नाव त्यात नको, ‘एक रबर’, ‘दोन रबर’ एवढंच पुरे. हे रबर काय ते पुढे येतं.

थेंब कशाला बांधायचा

‘दोनदा’ म्हणजे साधारण बारा तासांच्या अंतराने, सकाळी ८ आणि रात्री ८. ‘तीनदा’ असेल तर कागदावर आठ-आठ तास छान दिसतात, पण रात्री ११ला उठून ड्रॉप टाकणारं घर विरळाच. सकाळी ७, दुपारी २-३ आणि रात्री ९-१० हे जमणारं वेळापत्रक डॉक्टरांना दाखवून घ्या. न जमणाऱ्या अचूक वेळापत्रकापेक्षा रोज पाळलं जाणारं थोडं ढिलं वेळापत्रक डोळ्याच्या जास्त उपयोगाचं.

सकाळसाठी चहाइतकं पक्कं काही नाही. अंघोळ मागेपुढे होते, पूजा सोयर-सुतकात राहते, फिरायला जाणं पावसात बंद पडतं. चहा कोणत्याही दिवशी चुकत नाही. शिवाय दोन वेगळ्या औषधांमध्ये किमान ५ मिनिटांचं अंतर लागतं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. चहा ते अंतर आपसूक मोजून देतो. आधण ठेवलं की पहिली बाटली, चहा गाळून कप हातात आला की दुसरी. तिसरी असेल तर कप रिकामा झाल्यावर. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, थेंबानंतर १० मिनिटांनी.

संध्याकाळच्या थेंबासाठी लोक देवापुढच्या दिव्याची वेळ धरतात. कल्पना चांगली आहे, पण इंदूरला दिवेलागण डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास होते आणि जूनमध्ये सातनंतर. दीड तासाचा फरक पडतो. त्यापेक्षा जेवणाची पानं घेण्याची वेळ किंवा रोजची ठरलेली मालिका बरी.

रात्रीच्या औषधासाठी सगळ्यात चांगला खुंटा म्हणजे विरजण. दूध तापवून, कोमट करून, विरजण लावून उरलेलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवायला जो कोणी उठतो त्याच्या हाताशीच, फ्रिजच्या दारात, ड्रॉपची बाटली असते. घरात विरजण लागत नसेल तर दात घासणं किंवा रात्रीची बीपीची गोळी. झोपायला गेल्यावर टाकायचा म्हणून ठेवलेला थेंब मात्र हमखास चुकतो, कारण टीव्हीसमोर डुलकी लागलेला माणूस तसाच उठून पलंगावर जातो. रात्रीचं औषध साडेआठ-नऊलाच उरकलेलं बरं. कोणाची रात्र मुळातच बेभरवशाची असेल तर हेच औषध सकाळी टाकलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. लॅटानोप्रोस्टच्या गटाचा परिणाम दिवसभर टिकतो, त्यामुळे पुष्कळदा परवानगी मिळते. बदल करायचा तो विचारूनच.

फोनचा अलार्म लावा, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर राहू नका. आंघोळीत असताना वाजलेला अलार्म बंद होतो आणि विषय संपतो. लावायचाच तर चहाच्या वेळेच्या वीस मिनिटं नंतरचा लावा, ‘राहिला असेल तर आत्ता’ या अर्थाने. त्याला ‘गजर १’ असं नाव न देता ‘दोन रबरवाली, दोन्ही डोळे’ असं नाव द्या.

बाटलीवर खूण

दिवसातून एकदा टाकायच्या बाटलीला एक रबरबँड गुंडाळा, दोनदाच्या बाटलीला दोन, तीनदाच्या बाटलीला तीन. नजर अधू असली तरी बोटांना कळतं, अंधारातही कळतं. रबर बाटलीच्या अंगाला हवं, टोपणाला नाही. टोपणं अदलाबदल होतात. टोपणाच्या रंगावर तर अजिबात भिस्त ठेवू नका. अमेरिकेत टोपणांच्या रंगांचा संकेत ठरलेला आहे, आपल्याकडे सगळ्या कंपन्या तो पाळत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की ‘पिवळ्या टोपणाची’ ही ओळख मोडते.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख लेबलावर मार्करने लिहा. बहुतेक ड्रॉप उघडल्यापासून चार आठवड्यांत संपवायचे किंवा फेकायचे असतात. नक्की किती ते खोक्यावर छापलेलं असतं.

आणि उघडायची कशी, इथेच पुष्कळ घरांत गडबड होते. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांच्या टोंकाला भोक नसतं. टोपणाच्या आत एक छोटा काटा असतो. टोपण घड्याळाच्या दिशेने शेवटपर्यंत घट्ट फिरवलं की तो काटा टोंकाला बारीक भोक पाडतो, मग उलट फिरवून काढायचं. हे माहीत नसलं की लोक टोंक ब्लेडने कापतात किंवा टाचणीने टोचतात. कापलेल्या टोंकातून थेंब मोठे आणि दोन-दोन पडतात, बाटली पंधरा दिवसांत संपते, आणि टाचणीची घाण आत जाते ती वेगळीच. बाटली घेतानाच मेडिकलवर समोर भोक पाडून दाखवायला सांगितलं तरी चालेल, पण त्याच दिवसापासून उघडल्याची तारीख सुरू होते हे लक्षात ठेवा.

डोळ्यांच्या बाटल्यांच्या डब्यात दुसरं काहीही नको. कानाचे थेंब आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची नळी हाताला अगदी डोळ्याच्या बाटलीसारखीच लागते. गोंद डोळ्यात गेल्याचे प्रकार खरंच घडतात.

थेंब डोळ्यातच पडला पाहिजे

वेळ पाळूनही थेंब गालावर गेला तर तो चुकलेलाच. साबणाने हात धुवा. बाटलीवर ‘हलवून वापरा’ असेल (ब्रिन्झोलामाइड तसं असतं) तर नीट हलवा. खुर्चीत मान मागे टाकून किंवा सरळ पलंगावर आडवं होऊन छताकडे बघायचं. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की पापणी आणि डोळा यांच्यामध्ये एक खोबण तयार होते. थेंब त्या खोबणीत टाकायचा, बुबुळावर नाही. बुबुळावर पडलेला थेंब झोंबतो आणि डोळा घट्ट मिटून तो बाहेर फेकला जातो. बाटली डोळ्यापासून बोटभर वर. टोंक पापणीला किंवा केसांना लागू द्यायचं नाही.

एकच थेंब. डोळ्यात जेवढं मावतं त्याहून एक थेंब बहुधा मोठाच असतो, त्यामुळे ‘जरा जास्त’ म्हणून टाकलेला दुसरा गालावरून ओघळतो, पैसे वाया जातात आणि पापणीची कातडीही काळवंडते. थेंब पडला की नाही अशी खरीच शंका असेल तर मात्र आणखी एक टाकायला हरकत नाही. फ्रिजमधल्या गार बाटलीचा इथे फायदा होतो, गारवा लागला की थेंब आत गेल्याचं कळतं.

मग डोळा अलगद मिटायचा. करकचून मिटायचा नाही, पापण्यांची उघडझापही नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात, जिथे चष्म्याची गादी टेकते त्याच्या थोडं वर आणि डोळ्याच्या बाजूला, तर्जनीने हलका दाब द्यायचा आणि दोन मिनिटं धरून ठेवायचं. डोळ्यातून नाकात जाणारी नळी तिथून जाते. ती दाबली की औषध डोळ्यात जास्त वेळ राहतं, घशात कडू लागत नाही आणि टिमोलॉलसारखं औषध अंगात कमी जातं. ही दोन मिनिटं लोक सगळ्यात आधी गाळतात, आणि ‘ड्रॉपने छातीत धडधडतं’, ‘तोंड कडू होतं’ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांत हीच मंडळी पुष्कळ असतात.

हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताची मूठ कपाळावर टेकवा. बाटली दाबायला बोटांत जोर नसेल तर तिच्याभोवती रुमाल गुंडाळा, पकड जाड होते. डोळा उघडा ठेवणं जमतच नसेल तर आडवं पडून, डोळा मिटून, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग हळूच डोळा उघडायचा, थेंब आत घरंगळतो. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आधी काढायची आणि थेंबानंतर १५ मिनिटांनी घालायची.

आठवड्यातून एकदा, सहज म्हणून, आई-बाबा स्वतः थेंब टाकत असताना शेजारी उभं राहून बघा. शिकवायला जाऊ नका, नुसतं बघा. थेंब कुठे पडतो, बाटली किती वेळा दाबावी लागते, मधली पाच मिनिटं जातात का, हे सगळं दिसतं.

टाकल्याची खूण

फ्रिजच्या दारावर कालनिर्णय असतंच. तारखेच्या चौकोनात सकाळसाठी ‘स’ आणि रात्रीसाठी ‘रा’, थेंब टाकून झाल्यावर एक रेघ. पेन्सिल तिथेच दोऱ्याने बांधलेली हवी, शोधायला लागली की रेघ राहिली. रेघ टाकणाऱ्यानेच मारायची आणि टाकल्यावरच मारायची. ‘आता टाकतोच आहे’ म्हणून आधी मारलेली रेघ सगळ्या पद्धतीवर पाणी फिरवते.

एकत्र कुटुंबात याचा आणखी एक उपयोग. मोठ्या सुनेला वाटतं धाकटीने टाकला, धाकटीला वाटतं मोठीने, आणि थेंब एक तर राहतो किंवा दोनदा पडतो. रेघ असली की कोणाला विचारायला नको. जबाबदारी मात्र एकाच माणसाच्या नावावर ठेवा. तो गावाला गेला तर कोण, हेही ठरलेलं असावं.

मुलं पुण्याला किंवा बंगळूरला असतील तर रोज ‘टाकला का?’ असा मेसेज पाठवण्यात अर्थ नाही, पहिल्या आठवड्यानंतर त्याला नुसता अंगठा येतो. त्यापेक्षा रात्री ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा आणि गप्पांच्या ओघात थेंब टाकून घ्या. विसराळूपणा आता आजाराच्या थराला गेला असेल तर थेंब त्यांच्या हातात देऊच नका. शेजारच्या काकू, कामाला येणाऱ्या मावशी, कोणीतरी दुसऱ्याने टाकायचा आणि रेघही त्यांनीच मारायची.

महिनाअखेरीचा हिशोब

सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार बाटली. १ मिलीत साधारण २५ ते ३५ थेंब निघतात, बाटलीच्या टोंकावर अवलंबून. लॅटानोप्रोस्टची नेहमीची बाटली २.५ मिलीची, म्हणजे साठ-पासष्ट ते ऐंशी-पंच्याऐंशी थेंब. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक टाकला तर ३० दिवसांत ६० लागतात. बाटली महिन्याच्या शेवटी जवळपास रिकामी व्हायला हवी. ५ मिलीच्या बाटलीतून दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा टाकलं तर महिन्याला १२०, तीही तशीच संपत येते.

बाटली पंधराव्या-सोळाव्या दिवशीच संपली तर थेंब बाहेर पडताहेत किंवा टोंकाचं भोक मोठं झालंय. महिन्याने निम्मी शिल्लक राहिली तर थेंब चुकताहेत. एकाच डोळ्यात औषध असेल तर मात्र निम्मी बाटली उरणारच, आणि मुदत झाली की ती उरलेली फेकायचीच. पैसे वाया जातात म्हणून दोन-दोन महिने चालवणारे बरेच आहेत, त्यांनी निदान डॉक्टरांच्या कानावर ते घालावं.

हिशोब जुळला नाही म्हणून आई-बाबांना रागावू नका. रागावलं की पुढच्या महिन्यात औषध मोरीत ओतून बाटली रिकामी केलेली मिळते.

उन्हाळा, उपास आणि सणवार

न उघडलेली लॅटानोप्रोस्टची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची. उघडल्यावर ती २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण एप्रिल-मेच्या इंदूरात बाहेर चाळिशी ओलांडलेली असते आणि घरातही २५ अंश मिळत नाहीत. तेव्हा उघडलेलीही फ्रिजच्या दारातच राहू द्या, फ्रीजरमध्ये मात्र नाही. काही नव्या बाटल्या बाहेर ठेवायच्या असतात, खोकं वाचा. दवा बाजारातून दोन-तीन बाटल्या एकदम आणत असाल तर उन्हाळ्यात सोबत बर्फाची पिशवी न्या आणि मधे वर्तमानपत्राची घडी ठेवा, बाटली बर्फाला चिकटता कामा नये. मेडिकलवाला बाटली फ्रिजमधून काढून देतो की बाहेरच्या फळीवरून, याकडेही लक्ष असू द्या.

कंपनी बदलली तर चालतं, पण औषधाचं मूळ नाव आणि टक्का तोच हवा. टिमोलॉल ०.२५ आणि ०.५ अशा दोन्ही टक्क्यांत येतं. पर्चीशी ताडून मगच पैसे द्या. घरात शेवटची बाटली उघडली की त्याच दिवशी पुढची आणायची. ‘संपली की आणू’ म्हटलं की मधे रविवार येतो.

हरतालिकेच्या निर्जळी उपासाला किंवा एकादशीला थेंब घशात उतरेल म्हणून औषध टाळणाऱ्या बायका आजही आहेत. त्यांच्याशी शास्त्रार्थ करत बसू नका. कोपरा दोन मिनिटं दाबला की घशात जवळपास काही जात नाही, हे दाखवून द्या. बहुतेकींना ते पटतं.

रंगपंचमीला राजवाड्याची गेर (रंगांची मिरवणूक) बघून आलेल्या माणसाने आधी चेहरा आणि हात स्वच्छ धुवावेत, मगच ड्रॉप. रंगाच्या बोटांनी पापणी ओढली तर रंग डोळ्यात जातो. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात, सराफ्यातला (रात्रीच्या खाऊगल्लीतला) फेरफटका अकरा-बारापर्यंत लांबतो. अशा रात्री थेंब टाकूनच घराबाहेर पडायचं. तास-दीड तास आधी टाकला तर काही बिघडत नाही, परत आल्यावर टाकू म्हटलेला मात्र बहुधा राहतो. लग्नकार्याला गेलात तर बाटली हातातल्या पर्समध्ये ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. पुण्याच्या गाडीत रात्र काढायची असेल तर थंड पाण्याच्या बाटलीशेजारी, झिपच्या पिशवीत.

चुकलाच तर

आठवेल तेव्हा टाकावा. पुढच्या थेंबाची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यावा आणि पुढचा वेळेवर टाकावा. भरपाई म्हणून दोन थेंब नकोत. टाकला की नाही हेच आठवत नसेल आणि रेघही नसेल, तर एकदाच टाकायच्या रात्रीच्या औषधाचा थेंब एखाद्या दिवशी दोनदा पडला म्हणून घाबरण्याचं कारण नाही, पण ती सवय होऊ देऊ नका.

पुष्कळदा थेंब विसरलेला नसतो, मुद्दाम टाळलेला असतो आणि सांगायला संकोच वाटतो. रात्रीच्या गटातल्या (लॅटानोप्रोस्ट वगैरे) औषधाने डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, डोळ्यांभोवतीची कातडी काळवंडते. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, काहींना महिन्यांनी ॲलर्जी उठते. डॉर्झोलामाइडने तोंड कडू होतं. यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार डॉक्टरांना सांगण्यासारखी असते, कारण औषध बदलता येतं किंवा प्रिझर्वेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेलं मिळतं. आपल्या मनाने बंद करायचं मात्र नाही. टिमोलॉल सुरू झाल्यावर दम लागला किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी फोन करा. आणि डोळा एकदम खूप दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, उलटी झाली, तर सकाळची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठा.

तपासणीला जाताना

तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस सगळेच शहाण्यासारखे वागतात. थेंब वेळेवर पडतात, प्रेशर छान येतं, आणि मधल्या तीन महिन्यांत काय झालं ते डॉक्टरांना कळत नाही. किंवा प्रेशर जास्त येतं आणि औषध पुरत नाही असं समजून डॉक्टर आणखी एक बाटली वाढवतात, जी मुळात लागलीच नसती. कालनिर्णयाची मागची पानं फोटो काढून न्या, सगळ्या बाटल्या पिशवीत न्या, आणि आठवड्याला साधारण किती थेंब चुकतात ते सरळ सांगा. त्या दिवशीचे थेंब नेहमीप्रमाणे टाकूनच जायचं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर.

सगळं करूनही थेंब जमत नसतील, म्हणजे हात चालत नाही, घरात दुसरं कोणी नाही, औषध सोसत नाही, तर लेझरबद्दल विचारा. एसएलटी नावाचं लेझर खुल्या कोनाच्या काचबिंदूत (डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट बंद झालेली नसते त्या प्रकारात) चालतं. दवाखान्यात बसल्या बसल्या होतं, भरती व्हावं लागत नाही. ब्रिटनमधल्या ‘लाइट’ या चाचणीत (२०१९ साली प्रसिद्ध) सुरुवातीलाच हे लेझर केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना तीन वर्षांनंतरही ड्रॉप लागत नव्हते. प्रत्येक प्रकारच्या काचबिंदूला ते चालत नाही आणि परिणाम कायमचा टिकत नाही, त्यामुळे लेझरनंतरही प्रेशरची तपासणी ठरल्या तारखेला करावीच लागते. त्याच तपासणीच्या वेळी चाळिशी ओलांडलेल्या मुलामुलींनी आणि सख्ख्या भावंडांनीही आपले डोळे दाखवून घ्यावेत, काचबिंदू घराण्यात उतरतो.